एएनए पॉझिटिव्ह आला, पुढे काय? रोगप्रतिकार यंत्रणेच्या रक्ततपासण्या कशा करून घ्याव्यात, कशा वाचाव्यात

"एएनए पॉझिटिव्ह, टायटर १:८०, स्पेकल्ड पॅटर्न." रिपोर्टवरच्या या एका ओळीने भल्याभल्यांची झोप उडालेली मी पाहिली आहे. एएनए ही रक्ततपासणी शरीराने स्वतःच्याच पेशींवर उठवलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी, एरवी जंतूंशी लढणारी प्रथिनं) शोधते. मी लॅबच्या इम्युनॉलॉजी विभागात काम करते. असले रिपोर्ट दिवसभर माझ्या हाताखालून जातात आणि ओळखीपाळखीतले घाबरलेले फोनही मलाच येतात. फोनवर मी आधी आकडा विचारत नाही. विचारते, "ही तपासणी कोणी सांगितली आणि कशासाठी?" बऱ्याचदा पलीकडे शांतता असते. तपासणी पॅकेजमध्ये होती, म्हणून झाली.

गोंधळाचं मूळ तिथेच आहे. साखर किंवा हिमोग्लोबिन कुणाचंही, कधीही मोजावं, आकड्याला अर्थ असतो. प्रतिकार यंत्रणेच्या खुणांचं तसं नाही. माणसाला काय त्रास होतोय हे बाजूला ठेवलं, तर त्या आकड्याचा अर्थच लागत नाही. म्हणून पहिली पायरी सुईची नाही, कागद-पेनाची आहे.

पायरी १: प्रश्न आधी, रक्त नंतर

त्रास लिहून काढा. "अंग दुखतं" एवढ्याने भागत नाही. कुठे, कधीपासून, दिवसाच्या कोणत्या वेळी, कशाने वाढतं, कशाने कमी होतं, हे सगळं हवं. कारण तपासणी त्यावरूनच ठरते.

सकाळी मूठ वळत नाही, बोटं मोकळी व्हायला तासभर लागतो, दोन्ही हातांची पेरं सुजतात: इथे आमवाताचा (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचा) संशय येतो आणि आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी (ही दोन्ही प्रतिपिंडं), ईएसआर, सीआरपी (या दाहाच्या खुणा) या तपासण्या समोर येतात. उन्हात गेल्यावर गालांवर चट्टे उठतात, तोंड येतं, केस गळतात, लघवीला फेस येतो: ल्युपसचा, म्हणजे प्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजाराचा, विचार होतो, म्हणजे एएनए आणि त्याच्याबरोबर लघवीची तपासणी. चाळिशीच्या आत कंबरदुखी सुरू झाली, पहाटे जाग येते, आराम केल्याने वाढतं आणि चालल्या-फिरल्यावर बरं वाटतं: मणक्यांच्या दाहाचा संशय, म्हणून एचएलए-बी२७. संध्याकाळ झाली की पापण्या मिटू लागतात, एकाचे दोन दिसतात: स्नायू लवकर थकवणाऱ्या मायस्थेनियाचा संशय, म्हणून असिटिलकोलीन रिसेप्टरच्या प्रतिपिंडांची तपासणी. रक्तातलं लोह गोळ्या घेऊनही वाढत नाही, पोट सतत बिघडतं: गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते त्या सीलिॲक आजाराचा संशय, म्हणून टीटीजी-आयजीए.

प्रश्न आधी का हवा, ते एका हिशोबाने दाखवते. अँटी-सीसीपी ही आमवातासाठी चांगली तपासणी मानतात. आजार असलेल्या शंभरांपैकी साधारण ७० जणांत ती पॉझिटिव्ह येते, आणि आजार नसलेल्या शंभरांपैकी जेमतेम पाच जणांत. आता काहीही त्रास नसलेल्या १,००० लोकांचं रक्त घेतलं. त्यांत १० जणांना आमवात आहे असं धरू. दहांपैकी सात सापडतील. उरलेल्या ९९० निरोगी लोकांपैकी पाच टक्के म्हणजे सुमारे ५० जणही पॉझिटिव्ह येतील. एकूण ५७ पॉझिटिव्ह, त्यात खरे सात. आठातला एक!

तीच तपासणी आता पेरं सुजलेल्या १,००० लोकांवर करू. त्यांच्यातल्या निम्म्यांना आमवात आहे असं धरलं तर ५०० पैकी ३५० सापडतील, उरलेल्या ५०० पैकी २५ उगाच पॉझिटिव्ह येतील. ३७५ पैकी ३५० खरे. मशीन तेच, रसायन तेच, फक्त रक्त कुणाचं घेतलं एवढाच फरक.

पायरी २: सुई टोचण्याआधी

प्रतिपिंडांच्या तपासणीला उपाशीपोटी यायची गरज नसते. मात्र नुकतंच भरपूर तेल-तूप पोटात गेलं असेल तर सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव) दुधासारखं गढूळ होतं आणि काही मशीनना ते चालत नाही. तेवढं सांभाळलं की झालं.

खरी काळजी दुसरीच आहे, आणि ती कुणी विचारत नाही. केस आणि नखांसाठी गोळ्या घेता का? त्यांत बहुधा बायोटिन असतं, पाच-दहा मिलिग्रॅमपर्यंत. शरीराची रोजची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅम. लॅबमधल्या बऱ्याच मशीनची पद्धतच बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन यांच्या घट्ट पकडीवर चालते. रक्तात बायोटिन जास्त झालं की ही पकड बिघडते, मग काही तपासण्या खोट्या जास्त येतात, काही खोट्या कमी. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. आमच्याकडे एका मुलीचा थायरॉइडचा रिपोर्ट असा काही आला होता की तिची ग्रंथी भडकलेली वाटावी, आणि ती समोर शांत बसलेली, नाडी ७२. गोळ्या तीन दिवस थांबवून पुन्हा रक्त घेतलं, सगळं नॉर्मल. नेहमीच्या डोसला दोन-तीन दिवस पुरतात. आजारासाठी मोठा डोस चालू असेल तर डॉक्टरांना विचारून जास्त दिवस.

सीलिॲकची तपासणी करायची असेल तर गहू बंद करून येऊ नका. ही चूक फार जण करतात. शंका आली म्हणून महिनाभर ग्लूटेन सोडतात, बरं वाटतं, मग तपासायला येतात. तोवर प्रतिपिंडं उतरलेली असतात आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो. निदान दीड महिना रोजच्या खाण्यात ग्लूटेन हवं. शिवाय टीटीजी-आयजीएबरोबर एकूण आयजीए (प्रतिपिंडांचा एक प्रकार) मोजायला सांगा. काहींच्या शरीरात आयजीए मुळातच बनत नाही, त्यांची ही तपासणी आजार असूनही निगेटिव्ह येणार.

याखेरीज चार गोष्टी फॉर्मवर लिहाव्यात: स्टिरॉइड चालू आहे का, रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का (ल्युपस अँटिकोॲग्युलंट या रक्त गोठण्याशी संबंधित तपासणीत त्याने घोळ होतो), अलीकडे ताप किंवा मोठा संसर्ग झाला का, आणि शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिलं गेलं आहे का. हे शेवटचं महत्त्वाचं. दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं तुमच्या रक्तात फिरत असतात आणि रिपोर्टमध्ये ती तुमचीच म्हणून दिसतात.

पायरी ३: सॅम्पल

इथे तुमच्या हातात फार काही नाही, पण माहीत असलेलं बरं. प्रतिपिंडांसाठी साधारणपणे लाल किंवा पिवळ्या झाकणाची नळी, सीबीसीला (रक्तपेशींच्या मोजणीला) जांभळी, ल्युपस अँटिकोॲग्युलंटला फिकट निळी. निळी नळी खुणेपर्यंत भरलीच पाहिजे, कमी भरली तर आतल्या सायट्रेटचं प्रमाण बिघडतं. क्रायोग्लोब्युलिन या थंडीत साकळणाऱ्या प्रथिनांसाठी सॅम्पल थेट ३७ अंशांवर ठेवावं लागतं. थंड झालं की तपासायचं प्रथिन गुठळीबरोबर खाली बसतं आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह. ही तपासणी सांगितली असेल तर रक्त घरी बोलावून देऊ नका, जिथे लॅब आहे तिथे जा.

पायरी ४: पहिली फळी

महागड्या प्रतिपिंडांकडे जाण्याआधी सीबीसी, ईएसआर, सीआरपी आणि लघवी. या चार साध्या तपासण्या खूप काही सांगतात.

ईएसआर म्हणजे उभ्या नळीत तांबड्या पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसतात. शरीरात दाह असला की फायब्रिनोजेन वाढतं, तांबड्या पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि भराभर खाली जातात. ढोबळ मर्यादा अशी: पुरुषांत वयाच्या निम्मी, स्त्रियांत वयात दहा मिळवून त्याच्या निम्मी. साठीच्या बाईंचा ईएसआर ३५ असेल तर तो त्यांच्या वयाला शोभतो. ॲनिमिया आणि गरोदरपणातही तो वाढतो.

सीआरपी जास्त चपळ. यकृतात बनतं, दाह सुरू झाल्यावर काही तासांत चढतं, दोन दिवसांत शिखर गाठतं आणि कारण संपलं की साधारण १९ तासांनी निम्मं होत जातं. १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते सापडलं. त्या जंतूच्या 'सी' नावाच्या शर्करेला ते चिकटत होतं, नावातला सी तिथला. वाचताना एकक बघा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये, म्हणजे सरळ दहापटीचा फरक. "मागच्या वेळी ३.२ होतं, आता ३२!" असा फोन मला आलेला आहे. दोन्ही रिपोर्ट एकच गोष्ट सांगत होते.

एक गंमत: ल्युपस भडकलेला असतानाही सीआरपी अनेकदा फारसं वाढत नाही, ईएसआर मात्र चढलेला असतो. ल्युपसच्या रुग्णात सीआरपी एकदम उसळलं तर आम्ही आधी संसर्ग शोधायला सांगतो.

पायरी ५: एएनए, सावकाश

या तपासणीवर थोडं रेंगाळते, कारण सगळ्यात जास्त भीती हिचीच आणि सगळ्यात जास्त गैरसमजही हिचेच.

एएनए म्हणजे स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकावर उठलेली प्रतिपिंडं. काचपट्टीवर हेप-२ जातीच्या मानवी पेशींचा पातळ थर असतो. मोठी केंद्रकं आणि विभाजन होत असलेल्या भरपूर पेशी, म्हणून या पेशी. तुमचं सीरम ८० पट पातळ करून त्याचा थेंब मी त्या वर्तुळात सोडते. अर्धा तास थांबायचं, धुवायचं, मग मानवी प्रतिपिंडांना चिकटणारं, चमकणारं रसायन घालायचं, पुन्हा अर्धा तास, पुन्हा धुवायचं. नंतर अंधाऱ्या खोलीत फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपला डोळा लावायचा.

निगेटिव्ह असेल तर काळोखात अंधुक सावल्या. पॉझिटिव्ह असेल तर हिरवीगार केंद्रकं लखलखतात. सगळं केंद्रक एकसारखं भरून उजळलं आणि विभाजन होणाऱ्या पेशीतली गुणसूत्रंही चमकली तर तो होमोजीनियस. वाळू पसरल्यासारखे ठिपके आणि गुणसूत्रांच्या जागी काळोख, तर स्पेकल्ड. मोजून घ्यावेत असे सुटे ठिपके, आणि विभाजन होणाऱ्या पेशीत तेच एका रांगेत उभे, तर सेंट्रोमिअर. हा पॅटर्न दिसला की मी रिपोर्टवर हमखास टीप लिहिते, कारण त्वचा कडक होणाऱ्या स्क्लेरोडर्माच्या एका प्रकाराशी त्याचं नातं घट्ट आहे.

१:८० म्हणजे ८० पट पातळ करूनही चमक दिसली. १:६४० म्हणजे त्याहून बरीच ताकद. हे डोळ्यांनी केलेलं काम आहे, त्यामुळे एका लॅबमध्ये १:१६० आणि दुसरीत १:३२० आलं तर त्याला वाढ म्हणायचं नाही. १९९७ मध्ये अनेक लॅबनी मिळून निरोगी लोकांचं रक्त तपासलं होतं. १:४० ला जवळजवळ ३२ टक्के, १:८० ला १३ टक्के, १:१६० ला पाच आणि १:३२० लाही तीन टक्के लोक पॉझिटिव्ह निघाले. ठणठणीत माणसं!

मग उपयोग काय? उलटा. खरोखर ल्युपस असलेल्या माणसाचा एएनए निगेटिव्ह असणं फार दुर्मीळ. म्हणून २०१९ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत १:८० किंवा त्याहून जास्त एएनए ही पहिली अट ठेवली आहे. ते दार आहे, घर नव्हे. दाराच्या आत अँटी-डीएसडीएनए, अँटी-एसएम (ल्युपसची जास्त नेमकी प्रतिपिंडं), सी३, सी४ (कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं), लघवीतलं प्रथिन आणि मुख्य म्हणजे लक्षणं बघावी लागतात. एएनए निगेटिव्ह असताना पुढचं सगळं पॅनल काढणं बहुतेक वेळा वाया जातं.

पद्धत कोणती हेही रिपोर्टवर बघा. 'आयएफए' असेल तर वर सांगितलेली काचपट्टी. एलायझा असेल तर पॅटर्न नसतो, फक्त आकडा असतो, आणि दोन्हींची तुलना होत नाही. एकदा पॉझिटिव्ह आलेला एएनए दर तीन महिन्यांनी काढू नका. आजार कमी-जास्त झाल्याचं त्यातून कळत नाही. ते अँटी-डीएसडीएनए, सी३, सी४ आणि लघवीवरून कळतं.

पायरी ६: आरए फॅक्टर आणि त्याची धाकटी बहीण

'आरए' नावामुळे हा आमवाताचा शिक्का वाटतो. नॉर्वेच्या एरिक वालर यांनी १९४० मध्ये याचं वर्णन केलं, तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलंच. प्रत्यक्षात हे प्रतिपिंडावरच उठलेलं प्रतिपिंड आहे. हिपॅटायटिस सी, क्षय, हृदयाच्या झडपांचा संसर्ग, जोग्रेन (डोळे-तोंड कोरडं पाडणारा आजार), आणि नुसतं वय झालं तरी ते पॉझिटिव्ह येतं. उलट आमवात असलेल्या बऱ्याच जणांत ते सापडतच नाही.

अँटी-सीसीपी अधिक नेमकी. लक्षणांच्या काही वर्षं आधीही ती रक्तात दिसू शकते. नुसतं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह न बघता मर्यादेच्या किती पट आहे ते बघा. आमवाताच्या २०१० च्या निकषांत तीनपटीच्या वर गेलं तरच 'हाय पॉझिटिव्ह' धरतात आणि त्याला जास्त गुण मिळतात. मर्यादा २० असताना २३ आलं आणि ११० आलं, हे दोन वेगळे निरोप आहेत.

एचएलए-बी२७ ही प्रतिपिंडं नव्हेत, जन्मजात खूण आहे. आयुष्यात एकदाच तपासायची. ती असलेल्या बहुतेकांना कधीच काही होत नाही.

पायरी ७: एकेका अवयवाच्या खुणा

अँटी-टीपीओ थायरॉइडसाठी. टीएसएच नॉर्मल असताना ती पॉझिटिव्ह आली तर सहसा औषध लागत नाही, वर्षाने टीएसएच बघायचं. अँटी-मायटोकाँड्रिअल अँटिबॉडी यकृतातल्या पित्तनलिकांच्या एका आजारासाठी, आणि तिथे ती चांगलीच विश्वासू. रक्तवाहिन्यांच्या दाहात आता थेट पीआर३ आणि एमपीओ या प्रथिनांवरची प्रतिपिंडं मोजणं पसंत करतात.

आधी त्रास, मग तपासणी, असं मी वर म्हटलं. त्याला एक खरा अपवाद आहे: टाइप १ मधुमेह. जीएडी, आयए-२, झेडएनटी८ आणि इन्सुलिनवरची प्रतिपिंडं, यांतली दोन किंवा जास्त पॉझिटिव्ह असतील तर साखर नॉर्मल असतानाच आजाराचा पहिला टप्पा सुरू झाला असं मानतात. घरात कुणाला टाइप १ असेल तर भावंडांची ही तपासणी अर्थपूर्ण ठरते. पुढच्या टप्प्यावर आजार लांबवणारं टेप्लिझुमॅब हे औषध २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूरही झालं आहे. इन्सुलिन टोचायला लागल्यावर मात्र इन्सुलिनवरच्या प्रतिपिंडांना अर्थ उरत नाही, ती टोचलेल्या औषधावरही तयार होतात.

पायरी ८: जंतूंच्या खुणा

आयजीएम आणि आयजीजी हे प्रतिपिंडांचे प्रकार. आयजीएम आधी येतं, आयजीजी मागून येतं आणि मुक्काम करतं, हा ढोबळ नियम. पण आयजीएम काही वेळा महिनोन्‌महिने रेंगाळतं, आणि दुसऱ्याच जंतूमुळेही चुकून पॉझिटिव्ह येतं. दुसरी अडचण वेळेची. संसर्ग झाल्यावर प्रतिपिंडं बनायला दिवस लागतात. एचआयव्हीची चौथ्या पिढीची लॅब-तपासणी प्रतिपिंडांबरोबर पी२४ हे विषाणूचं प्रथिनही पकडते, तरी शेवटच्या जोखमीनंतर ४५ दिवसांनी केलेली निगेटिव्ह तपासणीच भरवशाची धरतात.

हिपॅटायटिस बीचे तीन रकाने एकत्र वाचावेत. फक्त अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह: लशीने आलेलं संरक्षण, १० युनिटच्या वर असलं की पुरेसं. अँटी-एचबीएस आणि अँटी-एचबीसी दोन्ही: आजार होऊन गेला. एचबीएसएजी पॉझिटिव्ह: विषाणू आत्ता शरीरात आहे. सहा महिन्यांनंतरही तो टिकला तर जुनाट संसर्ग.

क्षयासाठी रक्तातली आयजीएम-आयजीजी प्रतिपिंडं काढू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्येच या तपासण्या वापरू नयेत असं सांगितलं. इग्रा ही क्षयाची रक्ततपासणी वेगळी. तिच्यात तुमच्या जिवंत पेशींना क्षयजंतूची प्रथिनं दाखवून त्या इंटरफेरॉन सोडतात का ते बघतात. ती शरीरात जंतूची ओळख आहे एवढंच सांगते. तो झोपलाय की जागा, हे तिला कळत नाही.

पायरी ९: पुन्हा कधी

अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं (रक्ताच्या गुठळ्यांशी जोडलेली) एकदा पॉझिटिव्ह आली तर निदान १२ आठवड्यांनी पुन्हा. संसर्गानंतर ती तात्पुरती उगवतात, आणि एका रिपोर्टवर आयुष्यभराचं रक्त पातळ करणारं औषध ठरवायचं नसतं. सीलिॲकमध्ये ग्लूटेन सोडल्यावर टीटीजी हळूहळू उतरतं, सहा महिने आणि वर्षाने बघायचं. आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी एकदा ठरलं की पुन्हापुन्हा नको. जे आकडे वारंवार बघायचे ते एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने, आणि जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये.

काही वेळा मात्र रिपोर्टची वाटच बघायची नाही. चेहरा-पाय सुजून लघवी लाल किंवा फेसाळ झाली, थुंकीतून रक्त आलं, गिळताना घास अडकू लागला किंवा श्वास पुरेना, डोकेदुखीबरोबर एका डोळ्याची नजर अचानक गेली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पन्नाशीनंतर कानशिलं दुखतात, चावताना जबडा भरून येतो आणि नजर अंधुक होते, अशा रुग्णाला डॉक्टर स्टिरॉइड आधी सुरू करतात आणि रिपोर्ट मागून येतात. ते सॅम्पल आमच्याकडे येतं तेव्हा फॉर्मच्या कोपऱ्यात हाताने लिहिलेलं असतं, "पहिला डोस दिला आहे."